अकरा पापुद्रे

प्रिय खारूताई,

फोनवर मला नीट बोलता येत नाही. मध्येच तू 'आजोबा, औषध घेतलंत का?' विचारतेस आणि मुद्द्याचं राहूनच जातं. म्हणून हे पत्र.

तुझ्या प्रयोगशाळेतला तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. कोपऱ्यातलं यंत्र साचा छापत होतं. केसाएवढा थर, त्यावर दुसरा, जणू कुणी सावकाश कविता उतरवून घेतंय. आमच्या कारखान्यात असा साचा घासायला दोन माणसं तीन आठवडे खपायची. तू म्हणालीस, 'एका दिवसात छापून होतो हो, पण भट्टीत घातला की अंग वाकडं करतो.' शिवाय साच्यावर बसवायचं कार्बनच्या धाग्यांचं कापड टाचेच्या वळणावर सुरकुततं ते वेगळंच. मी सांगितलं, त्याला ओढू नये, मधून कडेकडे तळव्याने समजूत काढत न्यावं. तू कपाळावर हात मारलास, 'आता ही समजूत संगणकाला कशी शिकवू?'

चार वर्षं तू तेच शोधते आहेस. ज्याचा पाय गेला त्याच्या मापाचा साचा छापायचा आणि त्यावर हलकं, न मोडणारं पाऊल घडवायचं. शेवटच्या नमुन्याचे बारा थर माझ्या हातून बसवून घेतलेस आणि त्याला लावलेल्या चिठ्ठीवर लिहिलंस, 'थर बसवणारे : आजोबा'. निवृत्तीला मिळालेल्या घड्याळानेही माझी मान इतकी ताठ झाली नव्हती.

शाळेत आमचे गुरुजी कवितेच्या मात्रा बोटांवर मोजायला लावायचे. एक कमी पडली की ओळ लंगडते म्हणायचे. पुढे कारखान्यात तीच सवय कामी आली. राळेने चिकट झालेल्या त्या कापडाच्या प्रत्येक थराला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो. तो सोलायचा, खिळ्याला अडकवायचा, आणि शेवटी मोजायचे. जितके थर तितके पापुद्रे. एक आत राहिला तर तिथे थर एकमेकांना धरतच नाहीत. आमचा मुकादम ओरडायचा, 'न मोजता भट्टी लावाल तर तुम्हालाच आत घालीन!'

तूही विचारलं होतंस, 'आजोबा, पापुद्रे मोजले ना?' मी फुशारकीने म्हटलं, 'अगं, तुझी आई रांगत होती तेव्हापासून मोजतोय!' आणि तो गठ्ठा कोटाच्या खिशात कोंबला. पुस्तकात खुणेला बरे पडतात म्हणून.

परवा तू रडवेली होऊन सांगितलंस, चाचणीत दोन हजार पावलांवर ते पाऊल सातव्या-आठव्या थरांमध्ये सुटलं. म्हणालीस, 'माझी पद्धतच चुकली, सोमवारी मार्गदर्शक बाईंना तसं लिहून देते.' तुकडा चिरून बघायचंही तुझ्या जिवावर आलं होतं. मी नुसतं 'हं' म्हणालो.

खारू, त्या 'हं'ची मला लाज वाटते. फोन येण्याच्या आदल्याच दिवशी शाळेतलं कवितांचं पुस्तक काढलं होतं, त्यात खुणा घालायला ते पापुद्रे सोडवले. अकरा भरले. पुन्हा मोजले, कोट झटकला, कपाट उपसलं. अकराच. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी उजव्या डोळ्यात मोतीबिंदू सांगितला होता. तुझ्या आईला मी सांगितलं, 'चष्म्याचा नंबर वाढलाय.' खरं कळलं असतं तर तू मला कापडाला हात लावू दिला नसतास, आणि मला तर एकदा, शेवटचं एकदा, लावायचा होता.

तेव्हा सोमवारी काही लिहून देऊ नकोस. आधी तो तुकडा चीर. सातव्या थरावर काचेसारखा गुळगुळीत भाग दिसेल. नखाने खरवड, बारावा पापुद्रा निघेल. तो बाईंना दाखव आणि नवं पाऊल घडव, दुसऱ्या कुणाच्या हातून, डोळे चांगले असलेल्या. अकरा पापुद्रे पत्रासोबत ठेवलेत, तूही मोजून घे. चिठ्ठीवरचं माझं नाव मात्र खोडू नकोस. चूक कुणाची, ते तिथे लिहिलेलं असलेलंच बरं.

तुझाच, मोजायला चुकलेला
आजोबा