मुनीमचा उजेड

॥ श्री ॥
महिला बरॅक, पोलीस प्रशिक्षण केंद्र
२ जून २०२५

ती. दादास,
तृप्तीचा शि. सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा करून घेतले, ते ट्रेनिंग संपल्यावरच मिळणार. तेव्हा आता तुला माझी पत्रं वाचावी लागतील आणि उत्तरंही द्यावी लागतील. शाळेत तू तुझे निबंध धाकट्या बहिणीकडून लिहून घ्यायचास, हे मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही. उत्तर आलं नाही तर सांगेन.

आता मुनीमबद्दल. मी कामाला होते ते जालन्यातलं शोभेच्या माशांचं दुकान पारसशेठनी बंद केलं आणि मी त्याला घरी आणला, तेव्हा तू लांबूनच हात जोडले होतेस. येमेनकडचा असला तरी शेवटी रंग बदलणारा सरडा, घोयराच, आणि घोयऱ्याने फुंकर मारली की माणूस आंधळा होतो असं आपल्याकडे लहानपणापासून कानावर पडतं. वर्षभर तो आपल्या घरात आहे, कुणी आंधळं झालं नाही. एक डोळा वहीवर आणि एक डोळा गिऱ्हाइकावर ठेवून बसतो म्हणून मुनीम हे नाव तूच ठेवलंस. वनखात्यातली नोंद माझ्या नावावर आहे, म्हणजे लेकरूच म्हण.

त्याचा जीव उजेडावर आहे, म्हणून नीट वाच. लांब नळीचा दिवा आणि ऊब देणारा बल्ब, दोन्ही पिंजऱ्याच्या जाळीवर, बाहेरच राहू देत. बल्ब आत कधीच लावू नकोस. कोंबडीच्या पिलांना आपण खोक्यात बल्ब सोडतो, ती चटका लागला की बाजूला पळतात. हा पळत नाही. ऊब म्हणून चिकटून बसतो आणि कातडी भाजली तरी त्याला कळत नाही. वरच्या फांदीवर तळहात उपडा धरून बघायचा, तुझ्या हाताला सोसवलं नाही तर त्यालाही सोसत नाही. जास्वंद आणि मनीप्लांट दाट राहू दे, म्हणजे त्याला वाटलं की सावलीत जाता येईल. पाणी फवारताना बल्बवर उडवू नकोस, फुटेल.

आणि दिवस मावळला की सगळे दिवे बंद. बाहेर अंधार आणि आत उजेड असला की समोरची काच त्याच्यासाठी आरसा होते. त्याला वाटतं, दुसरा नर आला. मग तो फुगतो, अंगावर पिवळे पट्टे आणि काळे ठिपके उठतात, तोंड उघडून फिसकारतो. बघायला सुंदर दिसतं, पण तो त्याचा राग असतो आणि भीतीही. असं चार-आठ दिवस झालं तर तो खाणं सोडतो.

नोकरी लागून क्वार्टर मिळालं की त्याला घेऊन जाईन. तोवर तो तुझ्याकडे आहे, म्हणून मला इथे झोप लागते.

आईला व सौ. वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
तृप्ती


॥ श्री ॥
वडीगोद्री
१७ जून २०२५

चि. तृप्तीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमनने हॉटेलवरच आणून दिलं. पोलीस केंद्राचा शिक्का बघून तो मला बाजूला घेऊन विचारायला लागला, काय लफडं केलं म्हणून. चहा पाजून वाटेला लावला.

मुनीम बराबर आहे, बिलकुल काळजी करू नको. सकाळी बटण मी दाबतो, संध्याकाळी तुझी वहिनी. तळहात धरून बघायचं म्हणून धरला, तर ती मला हसली, पिंजऱ्याला आशीर्वाद देऊन राह्यले का म्हणे.

हॉटेलचं विचारशील तर काही खरं नाही. रस्त्याच्या पलीकडे मोठा ढाबा झालाय, झगमगाट बघून गाड्या तिकडेच वळतात. आपल्या भज्यांना नावं ठेवणारा अजून जन्मला नाही, पण गाडी थांबली तर ना. दिवसभर माशा हाकलतो. असो, तू मन लावून परेड कर. तुझ्या शेवटच्या परेडला मी गावातून जीप भरून माणसं आणणार आहे.

ते आरशाचं मला लय भारी वाटलं, दोनदा वाचलं. मुनीमला स्वतःचाच राग येतो म्हण की! एकदा राग आला की रंग किती वेळ राहतो गं? सहज विचारलं.

जेवणाची आबाळ करू नको. आमची आठवण असू दे.

तुझा,
कल्याणदादा


॥ श्री ॥
महिला बरॅक
२० जुलै २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू रंगाचं विचारलंस तेव्हा मला वाटलं, दादाला मुनीमचा लळा लागला. किती आनंद झाला म्हणून सांगू! मी हौसेने दोन पानं भरून कळवलं. त्या पत्राचं उत्तर आलं नाही.

आमच्या बरॅकमध्ये राजनंदिनी म्हणून मुलगी आहे, भोकरदनकडच्या धावड्याची. आजी वारल्या म्हणून घरी गेल्ती. परत येताना संध्याकाळी तिची गाडी वडीगोद्रीला थांबली. काल रात्रीच्या जेवणाला ती सगळ्यांना सांगत होती, की तिथे एका हॉटेलात काचेच्या पेटीत रंग बदलणारा प्राणी ठेवलाय, आतमध्ये निळे-जांभळे दिवे आहेत आणि एक मोठा पिवळा बल्ब. मालक बटण दाबतो आणि प्राणी लगेच फुगून रंग दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात. मुली हसत होत्या. मी ताट तसंच ठेवून उठले.

ती म्हणाली, हॉटेलच्या पाटीवर मालकाचं कल्याण असं नाव होतं. दादा, वडीगोद्रीत कल्याण आणखीही असतील. तू मला फक्त एवढंच लिही, की ते हॉटेल आपलं नाही. तू लिहिलंस की मी राजनंदिनीला खोटी ठरवीन.

वाट बघते आहे.

तुझी,
तृप्ती


॥ श्री ॥
वडीगोद्री
२९ जुलै २०२५

चि. तृप्तीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एवढी जल्दी तापू नको. हॉटेल आपलंच होतं, पण तू समजतेस तसं काही नाही. घरी रंगकाम काढलं होतं, वासाने त्याला त्रास नको म्हणून दोन दिवस पेटी हॉटेलवर ठेवली. दोन दिवे लावले असतील पोरांनी. आता तो घरी आहे, तुझी नळी, तुझा बल्ब, सगळं जाळीच्या वर. आज नागपंचमी, तुझ्या वहिनीने त्याच्या पेटीलाही हळदकुंकू लावलं. सकाळी मी समोर उभा राहून बघितलं, चार झुरळं फस्त केली. एकदम मजेत आहे.

हां, थोडा सुस्त झालाय आणि डोक्यावरचा तुरा जरा बसल्यासारखा वाटतो. तुझ्या आठवणीनेच झुरला असेल! तू आलीस की परत उभा राहील.

माणसांच्या बोलण्यावरून सख्ख्या भावावर संशय घ्यायचा नसतो. पोलीस व्हायच्या आधीच आरोपी धरायला लागलीस. राग सोड आणि दोन ओळी लिही.

तुझा,
कल्याणदादा


॥ श्री ॥
महिला बरॅक
४ ऑगस्ट २०२५

सौ. प्रीतीवहिनीस,
सा. न. वि. वि.

दादा लिहितो, मुनीमचा तुरा बसला. वहिनी, तो तुरा हाडाचा असतो. तो बसत नाही आणि झुरतही नाही. आपल्या बांधावरच्या घोयऱ्यालाच तसा उंच तुरा नसतो.

पेटीत आत्ता कोण आहे?

तुमची,
तृप्ती


॥ श्री ॥
वडीगोद्री
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. कां. तृप्तीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे हॉटेलवर होते. मी एकटीने वाचलं आणि चुलीपाशी बसून राहिले. आता लपवून काय करू?

मुनीम नाही. तुमचं ते राजनंदिनीचं पत्र घरी येण्याच्या आधीच तो गेल्ता. पेटी दोन दिवस नव्हे, जून सरता सरताच हॉटेलवर नेली. तुम्ही दोन पानं लिहून पाठवली ना, राग कशाने येतो, कशाने रंग उतरतो, ती यांनी गल्ल्यापाशी ठेवली होती. त्यात बघून दिवे लावायचे. वरून बल्ब लावला तर काचेत त्याला दुसरा दिसत नव्हता, म्हणून आत टांगला. पानांमुळे लोकांना नीट दिसत नाही म्हणून जास्वंद छाटली. गाड्या थांबायला लागल्या, हे खरं. सुट्टीच्या दिवशी बसायला जागा नसायची. हे घरी येऊन हसत सांगायचे, आणि मीही हसले, तृप्ती. यांना इतक्या दिवसांनी हसताना बघून मला बरं वाटायचं.

मग एकदा तो बल्बच्या वायरीला धरून बसलेला दिसला. गर्दी होती, कुणी काढला नाही. पाठीवर पांढरा डाग पडला, तो काळा झाला. मी खोबरेल लावलं. जालन्याच्या डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तर हे म्हणाले, डॉक्टर पारसशेठच्या ओळखीचा आहे, तुमच्यापर्यंत बातमी जाईल. म्हणून नेला नाही. खाणं सुटलं. डोळे मिटूनच असायचा. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी फांदीवरून खाली पडला.

तुमचं पत्र आलं आणि यांची पाचावर धारण बसली. सर्जेरावांच्या बांधावरच्या बाभळीवरून काठीने एक घोयरा उतरवून आणला. जन्मभर ज्याला घाबरले त्याला पिशवीत घालून आणला, यावरूनच समजा. मला म्हणाले, तिला काय कळतंय लांबून. मी गप्प बसले. माझं चुकलं.

सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात अंबडला ठरलं आहे. त्या रोज पेटीसमोर बसून मुनीमशी बोलतात. त्यांना वाटतं तोच आहे.

रागवा, पण आम्हाला टाकू नका.

तुमची,
वहिनी


॥ श्री ॥
महिला बरॅक
१६ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीला बोलू नकोस. मी विचारलं, तिने सांगितलं.

आधी कामाचं. पेटीत आहे त्याला हे पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या सकाळी, ऊन पडल्यावर, सर्जेरावांच्या त्याच बाभळीवर नेऊन सोड. आपल्याकडचा घोयरा धरून ठेवणं गुन्हा आहे, हे मला इथे शिकवतात आणि तुलाही माहीत आहे. हाताने धरून फांदीवर ठेव, काठीने नको. तो तुझं काही वाकडं करणार नाही. निळे-जांभळे दिवे काढून टाक. पेटी कुणाला देऊ नकोस, विकू नकोस. मुनीम वारल्याचं वनखात्याला मी माझ्या नावाने कळवीन. कशाने वारला या रकान्यात काय लिहू, ते अजून ठरत नाही.

दादा, बल्ब आत लावण्याची चूक कुणाच्याही हातून झाली असती. पारसशेठच्या दुकानातही एकदा झाली होती आणि आम्ही मिळून ती निस्तरली होती. तू मला लिहिलं असतंस की ढाब्याने धंदा बुडाला, मुनीमला हॉटेलवर नेऊ का, तर मी कसं न्यायचं ते सांगितलं असतं. पानांआड, दिवसाच्या उजेडात, कुणाला दिसला तर दिसला. माझा जीव घाबरतो म्हणून मी तुला एकेक गोष्ट फोड करून सांगितली, आणि तू माझ्या भीतीचं दुकान मांडलंस. रंग किती वेळ राहतो ते सहज विचारलंस. मी वेडी, उशीखाली पत्र ठेवून झोपले.

तो मेल्यावरसुद्धा तू चार झुरळांचा हिशेब लिहिलास. ती झुरळंच मला जास्त लागली बघ. तुरा बसला म्हणून विनोदही केलास. ते लिहिताना तुझा हात क्षणभर तरी थांबला का, हे मला विचारायचं होतं. पण तू जे काही उत्तर देशील त्याचं मी काय करू?

परेडला ये. जीप भरून आण. सगळ्यांचे भाऊ येणार आहेत आणि माझा आला नाही तर आईला कारण सांगावं लागेल. मी सगळ्यांसमोर तुझ्या पाया पडेन.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं की तू मला कळवू नकोस. वहिनीनेही नको. पट्टी सुटल्यावर आईच्याच हातात पेन दे. तिला चार ओळी लिहायला अर्धा दिवस लागेल, अक्षरं एकमेकांवर चढतील, तरी तिलाच लिहू दे. तोवर ती बरी आहे, असं मी समजणार नाही.

तृप्ती