जाऊन-येऊन पाहिलेला रस्ता

रत्नागिरी,
दि. १० जानेवारी १९८५

प्रिय परशुराम,

सप्रेम नमस्कार. हे पत्र मिळेपर्यंत तुझ्या हाताचं प्लास्टर निघालं असेल, निदान आतली खाज तरी कमी झाली असेल. इकडे थंडी बरी आहे. कमळाचे गुडघे धरलेत, ती भिंतीला धरून चालते आणि मलाच म्हणते, तुम्ही सावकाश चाला. परसातल्या दोन कलमांना मोहोर आलाय. बाकी नवीन काही नाही.

कुसुमवहिनींच्या तेराव्याला यायला जमलं नाही. एसटीचं रिझर्वेशन मिळालं नाही, त्यात कमळाचं हे असं. रागावू नकोस.

काय लिहावं कळत नाही, म्हणून जुनंच लिहितो. आपण दोघांनी हे सफरींचं खूळ काढलं त्याला वीस वर्षं झाली. लोक सुट्टीत महाबळेश्वरला जातात आणि एकमेकांच्या गाड्यांचा धूर खातात. आपण एसटीसुद्धा जात नाही असे रस्ते शोधले. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर, जिल्ह्यातला खडीचा ढीग न् ढीग ओळखीचा. मी आधी जाऊन किलोमीटर मोजून मार्गाचं पत्रक करायचं, सायक्लोस्टाइल करून पुण्याला धाडायचं, आणि तुम्ही मंडळींनी डबे बांधून यायचं. वहिनी तुझ्या शेजारी बसून ते पत्रक पोथी वाचावी तसं मोठ्याने वाचायच्या. "दोन पूर्णांक तीन, वडाचं झाड, डावीकडे वळावे." एकदा वड पडला होता तर म्हणाल्या, "भावजींच्या पत्रकात वड आहे म्हणजे आहे, तुम्ही वळा." एवढ्या वर्षांत कुणाच्या गाडीला ओरखडा आला नाही.

डिसेंबरातल्या त्या रविवारी तीनच गाड्या होत्या. तुझी मॉरिस पुढे, माझी फियाट शेपटाला. मी सड्यावरून, त्या कातळाच्या माळावरून, उताराला लागलो तेव्हा तुमची गाडी खाली चिरेखाणीत गेलेली होती. ते सगळं तुला माहीत आहे, पुन्हा कशाला लिहू.

आपल्या सफर मंडळाच्या चिटणिसांनी पत्रकाबद्दल विचारलं होतं. मी कळवलं की पत्रक नेहमीसारखंच केलेलं आहे. तळाशी आपली नेहमीची ओळ आहे, 'मार्ग जाऊन-येऊन पाहिला आहे', खाली माझी सही. फौजदारांनी तेच विचारलं, त्यांना मी तेच सांगितलं. तेव्हा पत्रकाबाबत कुणाच्या मनात काही शंका नाही. तूही ठेवू नकोस.

रात्री झोपेची गोळी घेत जा. होणारं होऊन जातं, आपल्या हातात काय असतं.

तुझा,
श्रीपती


रत्नागिरी,
दि. २ फेब्रुवारी १९८५

प्रिय परशुराम,

सप्रेम नमस्कार. तुझं उत्तर नाही. हरकत नाही. तुझ्या चि. सुमेधाचं पत्र मात्र कालच्या टपालाने आलं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

पोर लिहिते की पंचवीस तारखेला इथल्या कोर्टात तू गुन्हा कबूल करणार आहेस. वकील द्यायचा नाही म्हणतोस. दिवसाला एक पोळी खातोस आणि मोडलेल्या गाडीची किल्ली हातात घेऊन गॅलरीत बसतोस. आणि विचारलं की एकच सांगतोस, "ती म्हणाली, बघा हो, खाडी बघा. आणि मी पाहिली. मी समोर बघायला हवं होतं."

परशा, हे तू कोर्टात बोलू नकोस. तुझ्या पाया पडतो. गाडीने माणूस मारल्याचा गुन्हा आहे हा, तुरुंग होऊ शकतो. एकसष्टाव्या वर्षी, ब्लडप्रेशर घेऊन, तू तिथे महिनाभर तरी काढशील का? आणि तू भरधाव चालवत होतास हे खरं तरी कोण मानेल? तू आयुष्यात चाळीसच्या वर काटा नेला नाहीस. आम्ही तुझ्या मागे अडकायचो तेव्हा काय काय बोलायचो ते तुला माहीत आहे. सायकलवाला पोस्टमन तुला मागे टाकून गेला होता राजापूरच्या रस्त्यावर.

वकील कर. मी इथला चांगला वकील बघून ठेवलाय. मी साक्षीला येतो. तू सावकाश चालवतोस हे शपथेवर सांगतो.

मी फियाट त्या दिवसापासून काढलेली नाही. वर ताडपत्री टाकलीय. कमळा म्हणते, बॅटरी उतरेल. उतरू दे.

परवा काशीराम आला होता. तुला आठवणार नाही. माझ्या हाताखाली रस्त्याच्या डागडुजीवर मैलकुली होता, आता त्या उताराच्या पायथ्याशी, खाडीच्या धक्क्याजवळ राहतो. तुम्हाला खाणीतून वर काढणाऱ्यांत तोच पहिला होता. ओटीवर बसला, चहा घेतला, दोन शहाळी ठेवली आणि गेला.

मला तुला एक सांगायचं आहे. पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तू आलास की समोरासमोर बोलू. नाहीतर मीच येतो. गुडघ्यांचं जरा बरं वाटू दे कमळाच्या.

मात्र कबूल करू नकोस. ऐक माझं.

तुझा,
श्रीपती


रत्नागिरी,
दि. १७ फेब्रुवारी १९८५
(रजिस्टर)

चि. सुमेधा,

अनेक आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. माझी दोन्ही पत्रं बाबांनी न फोडता रेडिओच्या मागे ठेवलीत हे वाचून आधी वाईट वाटलं, मग बरं वाटलं. ती दोन्ही फाडून टाक. त्यांत कमळाकाकूचे गुडघे सोडले तर धड खरं काही नाही.

हे पत्र तुझ्या नावाने घातलंय कारण तू फोडशील. पण ते तुझ्या बाबांसाठी आहे. त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाच, तुझी आई पत्रक वाचायची तसं, एक ओळ न गाळता. ते उठून गेले तर मागोमाग जाऊन वाच. तुला ऐकवणार नाही असंही यात आहे, त्याची तुझी माफी आधीच मागतो.

परशुराम,

तो उतार मी उतरलोच नव्हतो.

आता पुढचं लिहितो. नोव्हेंबरात मी मार्ग बघायला निघालो. शनिवारी आतल्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेलो, मुक्काम केला, आणि रविवारी खाडीच्या बाजूने घरी आलो. म्हणजे धक्क्यापासून सड्यापर्यंतचा तो रस्ता मी चढून आलो. पहिल्या गिअरमध्ये, घुरघुरत, माणूस चालतो तेवढ्या वेगाने. चढताना तिथे काय आहे? काही नाही. एक उजवं वळण, तेही सोपं. वर आल्यावर गाडी थांबवून मागे वळून पाहिलं तर खाडी दिसते, फार सुंदर. मी तेवढं वहीत लिहिलं.

तुम्ही मात्र उलटे जाणार होतात. रत्नागिरीहून निघून सड्यावरून खाली. तेव्हा मी तिथूनच गाडी वळवून एकदा उतरून बघायला हवं होतं. जाऊन-येऊन म्हणजे तेच. मी ते केलं नाही. घरी येऊन जेवणाच्या टेबलावर वही उघडली आणि मार्ग खालून वर उतरवून काढला. उजव्याचं डावं केलं. आकडे वजा केले. चढाचा उतार केला. 'मागे वळून पाहिल्यास खाडीचे दृश्य' याचं केलं, 'समोर खाडीचे सुंदर दृश्य, अवश्य पाहावे'. पुढच्या ओळीत, 'डावे वळण, सोपे'.

वहिनींनी तुला खाडी दाखवली नाही रे. मी दाखवली. त्या फक्त वाचत होत्या.

मी चाळीस वर्षं रस्त्यांत घालवली. चढ आणि उतार हे एकाच रस्त्याचे दोन रस्ते असतात हे मी नव्या पोरांना शिकवायचो.

अजून आहे. नोव्हेंबरातल्या त्याच रविवारी धक्क्याजवळ काशीराम भेटला, वरच्या वाडीत जायचं होतं म्हणून माझ्या शेजारी बसला. सड्यावर गाडीतून उतरताना म्हणाला, "सायब, येकदा हितनं खाली उतरून बगा. चडताना ह्यो गाय हाय, उतरताना वाघ व्हतो." मी म्हटलं, बघतो. आणि घरी निघून आलो.

का, ते दोन महिने शोधतोय. ऊन फार होतं असं स्वतःला सांगून पाहिलं. पेट्रोल कमी होतं असंही. पेट्रोल अर्धी टाकी होतं, वहीत नोंद आहे. खरं कारण असं की सव्वा वाजला होता, कमळाने डाळिंब्यांची उसळ केली होती, आणि मला जेवून आडवं व्हायचं होतं. मला कंटाळा आला, परशा. एवढंच आहे. याहून मोठं कारण असतं तर मी तुला कधीच सांगून मोकळा झालो असतो.

मग फौजदारांनी विचारलं, दोन्ही बाजूंनी पाहिला होता? मी हो म्हटलं. तुझ्या हाताला तेव्हा फळी बांधत होते, वहिनींवर चादर होती, आणि मी हो म्हटलं. तेराव्याचं रिझर्वेशनही मिळालं होतं. मी एसटीच्या थांब्यावरून परत आलो.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, कमळा म्हणते. तिला मी मागच्या सोमवारी सांगितलं. ती भिंत धरून उभी राहिली. मग म्हणाली, "आणि ती उसळ मी वाढली होती." मला वाटलं होतं ओरडेल.

बुधवारी फियाट ढकलून चालू केली आणि काशीरामला बोलावून शेजारी बसवलं. सड्यावर गेलो आणि पहिल्यांदा धक्क्यापर्यंत उतरलो. मी पाय ब्रेकवर दाबूनच धरला होता. तो म्हणाला, "पयला टाका, सायब. आनि काडू नका." परशा, वरून ते वळण दिसतच नाही. करवंदीच्या जाळीआड आहे. वरून असं दिसतं की रस्ता सरळ खाडीत उतरतोय, निळ्या पाण्यापर्यंत, आणि गाडी आपोआप धावते. मला माहीत होतं, पहिल्या गिअरमध्ये होतो, शेजारी माहितगार होता, तरी वळणावर काशीरामने माझं स्टिअरिंग धरलं. तिथे कुणीही गेला असता. मी गेलो असतो. माझी फियाट पुढे असती तर कमळा गेली असती.

गाडीत दोष नव्हता. तुझ्यात नव्हता. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मोजून आलोय.

शुक्रवारी ठाण्यावर जाऊन जबाब बदलून दिला. फौजदार म्हणाले, आता का? मी म्हटलं, उशीर झाला. नोव्हेंबरची वही त्यांच्यापुढे ठेवली, तारखेसकट. पंचवीसला मी कोर्टात उभा राहून तीच वही दाखवणार आहे, काशीराम येणार आहे. माझं जे व्हायचं ते होऊ दे. पण त्याआधी तू उभा राहून 'कबूल' म्हणालास तर तिथेच सगळं संपेल, माझी वही कुणी उघडणारही नाही. म्हणून हात जोडतो. तू गप्प राहा. फक्त गप्प राहा, आणि जेव.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे, आणि ती मला पेलणार नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर कोर्टात माझ्याकडे पाठ करून बस.

सुमेधा, आता शेवटचं सावकाश वाच. हे नोव्हेंबरात लिहायचं राहिलेलं पत्रक आहे.

०.० सडा संपतो. गाडी पूर्ण थांबवावी. पहिला गिअर टाकावा, धक्का येईपर्यंत काढू नये.

०.४ समोर खाडी दिसते. चालवणाऱ्याने पाहू नये. वाचणाऱ्याने दोघांच्या वाटचं पाहून घ्यावं.

०.९ वळण दिसत नाही. पण आहे. डावीकडे, जवळजवळ काटकोनात. करवंदीच्या जाळीमागे चिरेखाण. अगदी सावकाश.

१.७ धक्का. उजव्या हाताला काशीरामचं घर. चहा मिळतो. दोघांनी उतरून पाय मोकळे करावेत.

मार्ग नुसता येऊन पाहिला होता. जाऊन पाहिला नव्हता.

श्रीपती