सहा महिने वीस दिवस

सोलापूर,
१४ नोव्हेंबर १९७६

ती. अण्णांस,
काशीचा शिरसाष्टांग शरणार्थ, वि. वि.

तुमचं दिवाळीचं पत्र पोचलं. त्यात माझ्या मागच्या पत्रातल्या सात चुका तुम्ही लाल शाईनं काढून पाठवल्यात. अण्णा, मी चाळिशीला आले आणि तुम्हाला रिटायर होऊन दोन वर्षं झाली. आता तरी ती दौत वैनींच्या ताब्यात द्या.

आधी चांगली बातमी. तुमच्या भाचीच्या खो-खोच्या संघानं शहरातल्या सगळ्या शाळा हरवल्या. जकात नाक्यापलीकडची आमची ही माळावरची शाळा, पत्र्याचे वर्ग आणि चित्रकलेचा तास लिंबाखाली. तिला आजवर कुणी विचारत नव्हतं, ती आता जिल्ह्याच्या सामन्यांना निघाली. शेवटच्या डावात गौरा साडेचार मिनिटं पळाली, कुणाला घावली नाही. संमेलनात स्वागतगीत तिचंच आहे. सहामाहीत गणितात दुसरी आली. पहिली का नाही, असं तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते, एका गुणानं हुकली.

ह्यांनी अक्कलकोटचं एक स्थळ बघून ठेवलं आहे, ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण मुख्याध्यापिका उकरंडे बाई घरी आल्या आणि तासभर बसून ह्यांच्याकडून शब्द घेऊन गेल्या. गौरा राज्याच्या संघात निवडली गेली तर कॉलेजपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. निवडली गेली नाही तर माघात अक्षता, मग दहावीची परीक्षा होवो न होवो. पोर तेव्हापासून पहाटे उठून माळावर पळते आहे.

आता वाईट सांगते. जिल्ह्याच्या यादीत मुलींत गौराचं नाव आहे आणि मुलांत तिच्या धाकट्या भावाचं, शिवपुत्रचं. हरलेल्या एका शाळेनं दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. बापाचं नाव एक, पत्ता एक. गौराचा जन्म १ जून १९६१, शिवपुत्रचा २१ डिसेंबर १९६१. मध्ये सहा महिने वीस दिवस. एका आईला हे कसं जमलं, अशी त्यांनी लेखी तक्रार केली. खेळाचे बिरदेव सर आधी हसले, मग हसायचे थांबले. शाळेचा शिपाई म्हणाला म्हणे, की सिद्धप्पा मालकांची दोन घरं हायती का काय. हे ऐकून आमचे मालक दोन दिवस जेवले नाहीत.

शिवपुत्रची तारीख दवाखान्याच्या दाखल्यावरची आहे, ती हलत नाही. गौराचं नाव मात्र तुम्हीच तुमच्या शाळेत घातलं होतं. संघ सोळा वर्षांच्या आतला आहे. ४ डिसेंबरच्या आत पुरावा द्यायचा, नाहीतर गौरा बाहेर. अण्णा, तारीख तुम्ही कशी काय घातली, तेवढं लगेच कळवा. वैनींना शरणार्थ. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
काशी


मु. बाभूळवाडी, ता. मंगळवेढा,
१९ नोव्हेंबर १९७६

चि. सौ. काशीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

इतकी नाजूक गोष्ट तू उघड्या कार्डावर लिहिलीस. आमचा पोस्टमन धुळा कार्ड आधी स्वतः वाचतो आणि मग पारावर वाचून दाखवतो. यापुढं अंतर्देशीय वापर. सध्या दिवस असे आहेत की कुठला साहेब कुठला कागद उकरेल सांगता येत नाही.

तारखेचं विचारलंस. जून महिन्यात पोरांना घेऊन आया दारात उभ्या राहायच्या. जन्म कधीचा म्हटलं की एक सांगायची, पाटलाची विहीर ढासळली त्या साली, दुसरी सांगायची, तवा बाजरी लई पिकली हुती. मी तोंडाकडं बघून साल ठरवायचो आणि १ जून लिहायचो. सगळा तालुका हेच करत होता. निम्मी बाभूळवाडी एकाच दिवशी जन्मलेली आहे. त्यातून वर्ष कमी धरलं की पुढं नोकरीला बरं पडतं. गौराचीही दोन वर्षं मी त्याच विचारानं कमी धरली. तू शिवपुत्रच्या वेळी दवाखान्यात होतीस तेव्हा पोर आमच्याकडं आली आणि चौथीपर्यंत राहिली. तिकडं धाकट्याची तारीख कागदावर चढली आहे, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सगळ्यांची गणितं तपासणारा माणूस मी, आणि ही साधी वजाबाकी केली नाही.

खरी तारीख मला तोंडपाठ आहे. १९५९ ची नागपंचमी, इंग्रजी ९ ऑगस्ट. सुईणीला आणायला मीच धावलो होतो. म्हणजे पोर आज सतरा पूर्ण आहे. हे मी लिहून दिलं तर तिचा खेळ संपला. गप्प बसलो तरी संपतोच. भिंतीवर आदर्श शिक्षकाचं प्रमाणपत्र लटकतं आहे, त्याच्याकडं पाठ करून हे लिहितो आहे. काय करावं सुचत नाही. थोडा धीर धर.

तुझी वैनी सुंदरम्मा गौराच्या गुडघ्याला लावायला तेल पाठवते आहे. सर्वांना आशीर्वाद. आमच्यावर राग धरू नये.

तुझा,
गुरुसिद्धप्पा


सोलापूर,
२५ नोव्हेंबर १९७६

ती. अण्णांस,
शिरसाष्टांग शरणार्थ, वि. वि.

धीर धरायला दिवस उरलेत किती? आज चुका काढू नका, घाईत लिहिते आहे.

ह्यांच्या कारखान्यातले चनबसप्पा कचेरीच्या कामात मुरलेले आहेत. त्यांनी एक वाट सांगितली आहे. तुम्ही फक्त एवढं लिहून द्यायचं: ‘गौरा ही माझी व सुंदरम्माची मुलगी. बहिणीस लेक नसल्याने ती तिला दिली, म्हणून बापाचे नाव सिद्धप्पा लावले.’ खाली तुम्हा दोघांच्या सह्या. म्हणजे सहा महिन्यांचा प्रश्नच मिटतो. आया दोन झाल्या, दोन्ही तारखा खऱ्या ठरल्या, तुमच्या हजेरीपटाला डाग नाही आणि पोर खेळते. चौथीपर्यंत ती तुमच्याकडं होती हे सगळं गाव जाणतं, त्यामुळं कुणी संशय घेणार नाही.

ह्यांना ही वाट पसंत आहे. लेकीच्या शिक्षणाचं त्यांना फार आहे असं नाही. दोन घरांचा टोमणा त्यांच्या जिव्हारी लागला आहे. शिवाय अक्कलकोटवाल्यांनाही त्यांनी शाळेच्या दाखल्यावरून पंधराच सांगून ठेवलं आहे. आता तिथंही माघार घेता येत नाही.

अण्णा, मला हे लिहिताना काय होतंय ते वैनींना कळेल. नऊ महिने पोटात वाढवलेली पोर मी कागदावर दुसरीला देते आहे. काल गौरा माळावरून आली, दोन्ही गुडघे फुटलेले, आणि माझ्या मांडीवर पाय टाकून इतिहास पाठ करत बसली. मी हळद लावत होते आणि मनात म्हणत होते, की आठ दिवसांनी ही कागदानं माझी नसेल. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. पण माघात बोहल्यावर उभी करण्यापेक्षा हे बरं, असं मी माझ्या मनाला समजावलं आहे. बिरदेव सर रोज विचारतात, की ताई, कागद आला का.

कागद ३ तारखेच्या आत पोचला पाहिजे. भावाच्या मायेला आजवर काही मागितलं नाही, आज मागते.

तुमची,
काशी


मु. बाभूळवाडी,
३० नोव्हेंबर १९७६

चि. सौ. काशीस,
आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून दाखवलं तेव्हा सुंदरम्मा भाकरी थापत होती. हातातली भाकरी तिनं तव्यावर टाकली. जेवणं झाल्यावर पाटी घेऊन बसली आणि स्वतःचं नाव गिरवायला लागली. सही चांगली आली पाहिजे, म्हणाली. सात-आठ वेळा लिहून पुसलं. मग मी कागदावर मजकूर उतरवला. ‘गौरा ही माझी व सुंदरम्माची मुलगी.’ काशी, पस्तीस वर्षं मी अक्षरं लिहिली, पण एवढं वळणदार अक्षर माझ्या हातून कधी आलं नव्हतं. खाली दोघांनी सह्या केल्या. तिनं तो कागद देव्हाऱ्यात ठेवला आणि दोन दिवस तिथंच होता. येता-जाता ती त्याच्याकडं बघायची. मीही बघायचो.

काल पाकीट आणायला निघालो तर तिनं अडवलं. म्हणाली, देवाकडं लेकरू मागितलं हुतं, कचेरीकडं न्हाय मागितलं. काशव्वाच्या पोटातनं काढून माझ्या वटीत घालायला तुमी कोण? आणि मग म्हणाली, की ती दोन वर्षं कशी चोरली ते आधी सांगा की. तिला ते माहीत आहे. तुला नाही, म्हणून आज सांगतो.

नोकरीला बरं पडतं म्हणून मी वर्षं कमी केली, हे मी तुला खोटं लिहिलं. पोर सारखी तापानं पडायची, सुंदरम्मा तिला नजरेआड होऊ देईना, असं करत आठवं सरत आलं तरी ती घरीच राहिली. आणि त्याच जूनमध्ये मी दारोदार फिरून लोकांना सुनावत होतो, की सहाव्या वर्षी पोर शाळेत घातलं नाही तर तुम्ही आईबाप कसले. माझ्याच घरात आठ वर्षांची पोर बसलेली आहे हे साहेबाच्या नजरेस यायला नको होतं, म्हणून पटावर सहा लिहिलं. लाजेपोटी लिहिलं. त्या लाजेची फेड पोरीनं दुसरं खोटं बोलून करावी, हे मला झेपेना.

उकरंडे बाईंना आज खरं लिहून रजिस्टर पोस्टानं पाठवलं आहे. सोबत गावच्या जन्माच्या वहीतला उतारा आहे. ४ तारखेला पहिल्या एस. टी.नं मी स्वतः येऊन त्यांच्यापुढं उभा राहणार आहे. गौरा खेळणार नाही आणि त्यामुळं काय ओढवेल हे मला ठाऊक आहे. सिद्धप्पांच्या पाया पडायची वेळ आली तरी पडेन. तू मला काय वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन. बोलणं मात्र तोडू नकोस.

तुझा,
अण्णा


सोलापूर,
१८ डिसेंबर १९७६

ती. मामा आणि ती. मामी यांस,
गौराचा शिरसाष्टांग शरणार्थ, वि. वि.

आठ दिवस तुम्हाला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि लिहिलं नाही. तुम्ही ४ तारखेला बाईंच्या खोलीत हात जोडून उभे होतात तेव्हा मी खिडकीबाहेर होते. बाई तुम्हाला खुर्ची देत होत्या आणि तुम्ही बसत नव्हतात. तुम्ही ‘लबाडी माझी, पोरीची न्हाय’ असं म्हणालात तेही ऐकलं. तरी मला तुमचा राग आला होता, तो खरा सांगते. एसटीपर्यंत सोडायला मी आले नाही, तेही मुद्दामच.

सामने ७ तारखेला झाले. बाईंनी माझं नाव आपणहून काढलं म्हणून संघाला खेळू दिलं. मी बाहेर पाण्याचा हंडा घेऊन बसले आणि ओरडून ओरडून घसा बसवला. फायनलला दोन गुणांनी हरलो. शेवटची गडी बाद झाली तेव्हा ती खांबाला धरून माझ्याकडंच बघत होती. निवडीच्या यादीत आमच्या दोघी आहेत. त्यातल्या एकीला मी माझे बूट दिले.

१२ तारखेला अक्कलकोटची माणसं आली. बाबांनी शब्दाप्रमाणं बोलावलंच होतं. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले. मुलाच्या आत्यानं वय विचारलं. बाबा पंधरा म्हणायला तोंड उघडत होते, तेवढ्यात आई दारातून म्हणाली, की सतरा पूर्ण, नागपंचमीचा जन्म, आणि जिच्या पोटी झाली ती मी हितं उभी हाय. ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आम्हाला दाखल्यावरचं पंधरा सांगितलं होतं, दोन वर्षं लपवणारे आणखी काय लपवतील, असं म्हणून बशा तशाच ठेवून उठली. पोहे नंतर शिवपुत्रनं संपवले.

बाबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. आईही बोलली नाही, पण तिनं माफीही मागितली नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी दहावीचा फॉर्म मागितला आणि सही करून दिली. परीक्षेपर्यंत स्थळाचं नाव नाही, पुढचं पुढं बघू, असं म्हणाले. तेवढं मला पुरे आहे, पुढचं मी बघते. जन्मतारखेची दुरुस्ती बाईंनी बोर्डाकडं पाठवली आहे. फॉर्मवर ९ ऑगस्ट १९५९ मी माझ्या हातानं लिहिलं. बिरदेव सर म्हणतात, मोठ्या बायकांच्या संघाला वयाची अट नसते, मार्चनंतर माळावर ये.

मला सगळं आईनं सांगितलं आहे, तुम्ही सह्या करून न पाठवलेल्या त्या दुसऱ्या कागदाचंही. मामी, तुम्ही तो चुलीत घालाल म्हणून घाईनं लिहिते आहे. घालू नका. शाळेत तो कुणालाच दाखवायचा नाही, मला हवा आहे. आईला विचारलं, तर ‘पाठवा म्हणून सांग’ असं म्हणाली. मामींची सही पाटीवर गिरवून केलेली आहे, ती मला बघायची आहे. नीट घडी करून पाकिटात पाठवा, धुळामामांच्या हाती उघडा देऊ नका.

मामा, या पत्रातल्या चुका लाल शाईनं काढून परत पाठवा. तशा पाठवल्यात तर माझा राग गेला असं समजा, आणि तुमची माया माझ्यावर आहे तेवढीच राहू द्या.

तुमची,
गौरा