कॉम्प्युटरच्या दाराची बिजागरी

प्रिय सूनबाई,

एवढं लिहून मी उठले आणि चहा करून आले. आठ वर्षांत तुला कधी नावाने हाक मारली नाही, आणि तू घर सोडून पाच महिने झाले तरी कागदावर दुसरं काही उमटेना. खटकलं तर खोडून टाक आणि पुढचं वाच. तुझा कॉम्प्युटर बुधवारी टेम्पोने येतोय. मॉनिटरला जाड चादर गुंडाळली आहे आणि प्रत्येक वायरीला ती कुठे लावायची त्याची चिठ्ठी बांधली आहे. मुख्य खोक्याचं पुढचं दार मी दुरुस्त केलंय. तेच ग, चालू करायचं बटण झाकणारं प्लास्टिकचं दार. शेवटी शेवटी ते सारखं लोंबायचं आणि तू चिकटपट्टी लावून ठेवायचीस.

तू म्हणशील, सासूबाईंना आता कॉम्प्युटरही येऊ लागला. कसलं काय, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण बिजागरी ती बिजागरी. चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून मी एकतीस वर्षं काड्याच जोडल्या, तेव्हा हे दार म्हणजे माझ्या हिशेबी एक थोराड चष्मा. आधी प्लग काढला, मग परत बघितलं की खरंच काढलाय ना. खालच्या कडेला बोटं घालून ओढलं की पुढची अख्खी पाटी सुटून येते, हे मला माझ्याच हातून कळलं, आणि त्या कडाक् आवाजाने माझा जीव अर्धा झाला. पाटी उचलून ओट्यावर नेली, प्लास्टिकचा भुसा आतल्या यंत्रावर पडायला नको म्हणून. दाराला वर एक खुंटी, खाली एक. वरची शाबूत होती, खालची मुळातून गेलेली. उरलेला खुंट कानशीने सपाट केला, माझ्या जुन्या हातगिरमिटाने बारीक भोक पाडलं आणि चष्म्याचा एक लांब स्क्रू त्यात बसवला. तो स्क्रू तीनदा हातातून निसटला. एकदा तर फरशीवर गुडघे टेकून चाचपडत बसले होते आणि स्वतःलाच शिव्या घालत होते. आता दार व्यवस्थित मिटतं. चिकटपट्टीचा चिकटाही रॉकेलच्या बोळ्याने काढलाय, मात्र तुझ्या छकुलीने चिकटवलेले तारे तसेच ठेवलेत. ते काढायला ती मला परवानगी देईल असं वाटलं नाही.

दुकानातली एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. तुटलेला चष्मा घेऊन येणारं प्रत्येक माणूस एकच सांगतं, आपोआप तुटला. एकदा एका शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. फ्रेमची पार पोळी झाली होती. त्यांचं म्हणणं, खणात ठेवली होती, सकाळी काढली तर अशी. मी म्हटलं, होतं कधी कधी. त्या कशावर बसल्या होत्या ते मला आंधळ्यानेही सांगितलं असतं. वापरून झिजलेली बिजागरी वेगळी दिसते. तिचं भोक हळूहळू लांबट होतं, खुंटी गुळगुळीत होते. दणक्याने गेलेली असेल तर तुटल्या जागी प्लास्टिक पांढरं पडतं आणि कडेला दाते राहतात. पण आमच्या मालकांची पहिल्या दिवसापासून शिकवण होती की गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नाही, जोडायचं आणि हसून द्यायचं. एकतीस वर्षं मी हेच केलं आणि त्याला चांगुलपणा समजत आले. माणसाची लाज राखली की त्याचं भलंच होतं असं मला खरंच वाटायचं.

तुझ्या दाराची खालची खुंटी पांढरी पडलेली होती. हे मला त्या दिवशीच दिसायला हवं होतं असं लिहिणार होते, पण खरं काय ते सांगते, मला दिसायची गरजच नव्हती. मी दारात उभी होते. हातात वाळलेले टॉवेल होते. तू टेबलाशी वाकून बटण दाबत होतीस, तुझी पुस्तकाची पानं संध्याकाळपर्यंत छापखान्यात जायची होती, आणि माझा मुलगा म्हणत होता की दिवसभर त्या खोक्यापुढे बसतेस. मग त्याने लाथ घातली. दार उघडं होतं, ते उलटं दुमडलं. तुझा हात तिथून वीतभर लांब होता. मी टॉवेल घेऊन आत गेले आणि घड्या घालत बसले. छकुलीने येऊन विचारलं की काय तुटलं, तर म्हटलं, मघाशी फरशी पुसताना माझी बादली लागली. इतकं सहज तोंडातून निघालं की मीच चकित झाले. पुढे कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी विचारलं तेव्हाही मी बादलीच सांगितली. तू माझ्याकडे बघितलंस. मी माझ्या पर्सची चेन उघडझाप करत बसले.

माझा मुलगा वाईट नाही, असं इथे लिहायला घेतलं आणि थांबले, कारण हे वाक्य मी पाच महिने येईल त्याला ऐकवतेय. तो माझ्या गोळ्या आठवड्याच्या डबीत स्वतः भरून ठेवतो. लहानपणी मुंगी मेली तरी रडायचा. तेही खरं आणि लाथही खरी. त्याची लाज राखता राखता मी तुझ्या तोंडाला काळं फासलं, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, पण रोज सकाळी त्याच्यासमोर बसून चहा प्यायचा होता, म्हणून मी मूग गिळून बसले.

गेल्या रविवारी छकुली नेहमीसारखी आली होती. मी ओट्यावर भोक पाडत होते आणि ती स्टुलावर उभी राहून स्क्रूची डबी धरून होती. मध्येच तिने विचारलं की आजी, हे तुझ्या बादलीनेच तुटलं ना. मी नुसतं हूं केलं. मग ती अगदी शांतपणे म्हणाली की आई म्हणते बाबाने तोडलं, म्हणजे आई खोटं बोलते. तिने प्रश्न म्हणूनही विचारलं नाही ग. आज पाऊस आहे असं म्हणावं तसं म्हणाली आणि मला पुढचा स्क्रू दिला. सात वर्षांची पोर, तिच्या डोक्यात तिची आई खोटारडी झाली, आणि ते मी केलं. त्या दिवशी काम तसंच सोडलं. तिला तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. माझं धाडस झालं नाही.

म्हणून हे पत्र. गुरुवारी त्या समुपदेशक बाई छकुलीने कोणाकडे राहायचं त्याचं आपलं मत लिहिणार आहेत, आणि त्याआधी मी त्यांच्याकडे तुम्हा दोघांसमोर बोलायला वेळ मागून घेतलाय. छकुलीलाही सांगेन, तू सोबत असताना, म्हणजे मला पळवाट उरणार नाही. काल न्याहारीच्या वेळी त्याला सांगितलं की मी बादलीचं खोटं बोलले होते आणि ते परत घेणार आहे. तो डबा न घेता कामावर गेला. तो मला घराबाहेर काढणार नाही, पण बोलणं टाकेल कदाचित. टाकू दे. तुझ्याकडे मी माफी मागत नाही, आणि छकुलीला रविवारी इकडे पाठवायचं की नाही ते तूच ठरव, या पत्राच्या बदल्यात मला काही नको. एकच सांगून ठेवते. मी त्या खोलीत बोलायला लागले की तू माझ्याकडे बघशील, आणि मी तुझ्याकडे बघणार नाही. राग मानू नकोस. तुझ्याकडे बघून खरं बोलणं मला सोपं जाईल. मी त्याच्याकडे बघून सांगणार आहे.

तुझीच,
आई