हलव, मिसळेल

मुलुंड (पूर्व)
८ जून २०२५, रविवार

ती. आत्ये,

पाया पडतो. आम्ही सगळे बरे आहोत. आईची खोकल्याची कुरकुर चालू आहे, बाकी ठीक. तू गावी नीट पोचलीस एवढंच तुझा मुकुल बोलला. प्लास्टर कधी काढणार ते त्यालाही सांगता आलं नाही. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि शेजारची पोरं स्पीकर लावून अख्ख्या वाडीला ऐकवतात, म्हणून पत्र लिहितोय.

दुकान नेहमीसारखंच. विद्याधरकाकांचे गुडघे धरलेत, त्यामुळे सकाळी शटर मीच उघडतो. गिऱ्हाईकं विचारतात, मालक कुठे गेले.

लिहायचं कारण वेगळं आहे. बारा वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभा आहे, पण इन्सुलिन घेताना काय बघायचं ते घरच्यांना कधी सांगितलं नाही. इथे असताना तुझी बाटली मीच आणायचो, तेव्हा गरज वाटली नाही. आता तुला ती कणकवलीहून मागवावी लागते, म्हणून सांगतो.

ज्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि पोरांचे डबे कोंबलेले दिसतील तिथून घ्यायचं नाही. आत गार हवा फिरत नाही. बरीच दुकानं रात्री मेन स्विच पाडून जातात, त्यात फ्रीजपण बंद होतो. सरळ विचारायचं, रात्री फ्रीज चालू असतो का. खरं बोलणारा लगेच हो म्हणतो, दुसरा आधी तुझ्याकडे बघतो. बिल मागायचं आणि त्यावर बॅच नंबर आहे ना ते बघायचं. बॅच नंबर असला की पुढे काही झालं तर माल शोधता येतो.

एसटीतून कोणाबरोबर मागवलीस तर ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवू नका म्हणून सांग, तिथे औषध शिजतं. बर्फाला चिकटवूनही आणायची नाही. उन्हाने जेवढं बिघडतं तेवढंच गोठल्यानेही बिघडतं. गोठलेली बाटली परत वितळली तरी कामाची नाही. घरी फ्रीज नाही तर माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेव, चालतं.

आणि तुझं औषध दुधासारखं असतं ना, ते तळहातावर हळू फिरवून उजेडात धर. सगळीकडे सारखं दिसलं पाहिजे. कण दिसले किंवा काचेला पांढरं काही चिकटलेलं दिसलं, तर ते टोचायचं नाही. दुकानदार काहीही म्हणाला तरी नाही. बदलून घ्यायची.

दोन पानं आधीच फाडली. तिसऱ्यावर एवढंच जमलं. डाव्या हाताने जड काही उचलू नकोस.

तुझा,
नितेश


मुलुंड (पूर्व)
२५ जून २०२५

आत्ये,

तुझं कार्ड सोमवारी आलं. अक्षर शेजारच्या मुलीचं, बोलणं तुझं. दोनच ओळी होत्या. "कण मीच तुका दाखयले होते. तेव्हा 'हलव' म्हणान कित्या सांगलंस?"

ते कार्ड दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. गिऱ्हाईकाला सुटे पैसे देताना दोनदा चुकलो. काल काका म्हणाले, घरी जा, तुझं लक्ष नाही. घरी गेलो नाही, विक्रोळीला मुकुलकडे गेलो. ते पुढे सांगतो. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

मार्चमध्ये उकाडा वाढला तेव्हा काकांनी फ्रीजचं बटण शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवलं. औषधं खराब होऊ नयेत म्हणूनच केलं त्यांनी. दोन दिवसांनी सकाळी बघतो तर मागच्या भिंतीला लागलेल्या सात बाटल्या गोठून दगड झाल्या होत्या. सातही तुझ्याच प्रकारच्या इन्सुलिनच्या. त्या फेकायच्या असतात हे मला माहीत होतं, परीक्षेत लिहिलंय मी ते. काका म्हणाले, "वितळू दे रे, काय होतंय." मग मीच त्या बाटल्या वितळल्यावर पुसल्या, भिजलेली खोकी पंख्याखाली सुकवली आणि पुन्हा ओळीत लावली. सुकल्यावर पुठ्ठ्याला सुरकुत्या पडल्या होत्या.

त्या शनिवारी तुझ्या दोन बाटल्या घेऊन निघालो तेव्हा घाईत खोकी बघितलीच नाहीत. बघितली ती विक्रोळीला तुझ्या दारात, पिशवीतून काढताना. पुठ्ठ्याला सुरकुत्या होत्या. तिथून परत मुलुंडला जायचा मला कंटाळा आला, आत्ये. दुसरं काही कारण नाही. मनात म्हटलं, गोठलं तर काय सगळंच मरतं का, निम्मं तरी चालेल. तू चष्मा लावून बाटली खिडकीत धरलीस आणि म्हणालीस, हेच्यात कण दिसतत रे. मी चहा पीत होतो. वरसुद्धा न बघता म्हणालो, "हलव, मिसळेल."

पुढचं तू भोगलंस, तरी एकदा सलग लिहून काढतो. मी ते आजवर कोणापुढे सलग बोललो नव्हतो. त्या दोन बाटल्या तुला महिनाभर गेल्या. साखर तीनशेच्या खाली येईना. तू शपथा घेऊन सांगत होतीस की गोड तोंडात घातलेलं नाही. रेवतीला तुझ्या ट्रंकेत गुळाचा डबा सापडला, मुकुलने ट्रंक जमिनीवर उपडी केली आणि तुला सुनेसमोर चोर ठरवलं. तेव्हा मी तिथेच सोफ्यावर होतो. तू माझ्याकडे बघितलंस. मी मोबाइल बघत राहिलो.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून डोस वाढवला. त्यांना काय माहीत की औषधच मेलेलं आहे. मग मे महिन्यात नवीन बाटली आली, ती चांगली होती. चांगल्या औषधाचा वाढवलेला डोस. सहा तारखेला सकाळी तू बेसिनपाशी कोसळलीस ती त्यामुळे. भुवईला चार टाके आणि मनगटाचं हाड. हॉस्पिटलात सगळे म्हणत होते की वयामुळे चक्कर आली. मीपण मान हलवली.

मग तू म्हणालीस, "मी गावाक जातंय, माझ्यावर पाळत ठेवूक नको." तेव्हा गाडीत बॅग चढवायला मीच आलो होतो.

काल मुकुल आणि रेवतीला समोर बसवून हे सगळं सांगितलं. रेवती उठून आत गेली. मुकुल मला मारेल असं वाटलं होतं. तो मग म्हणाला, "मी माझ्या आईची झडती घेतली, नितेश." हेच दोनदा बोलला. मला जायला सांगितलं नाही, थांब असंही म्हणाला नाही. मी निघालो. जिना उतरताना रेवती मागून आली. तो गूळ समोरच्या बाईंच्या नातीसाठी होता हे तिला त्याच आठवड्यात कळलं होतं म्हणे. तिला ते कबूल करता आलं नाही.

आज सकाळी काकांना म्हटलं, उरलेल्या पाच बाटल्या कोणाला गेल्या ते शोधायचं. ते आधी भडकले, दुकान बंद पाडायचंय का तुला म्हणाले. मग स्टूलवर बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, कॉम्प्युटर लाव. बॅच नंबरवरून चार जणं सापडली. दोघांना काकांनी स्वतः फोन केला, नाव सांगून, चूक सांगून. म्हाडा कॉलनीतल्या एका रिटायर्ड मास्तरांचा डोसही वाढवलेला निघाला. त्यांची साखर सकाळी खूप उतरत होती, दुपारीच त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. बाकी तिघांना फार त्रास झालेला नाही.

पाचवी बाटली रोखीत गेलीय. बिलावर नाव नाही, फोन नाही. तारीख एकोणतीस मार्च. कोण असेल ते आठवायचा मी दिवसभर प्रयत्न करतोय. हिरव्या साडीतली एक बाई डोळ्यांसमोर येते, पण ती त्या दिवसाचीच की दुसऱ्या कुठल्या, सांगता येत नाही. दारावर कागद लावलाय, बॅच नंबर मोठ्या अक्षरात लिहून. कोणी तो वाचायला थांबलं की मी काउंटरवरून मान काढतो.

मुकुल शुक्रवारी तुझ्याकडे यायला निघतोय. रेवती येतेय की नाही ते तिचं तिलाच ठरत नाहीये. तू परत चल असं तो म्हणेल. जायचं की नाही ते तू बघ, कोणाच्या रडण्याला भुलू नकोस. मी येत नाहीये. तू बोलावलंस तरच येईन.

एक मात्र ऐक. डॉक्टरांना मी आज संध्याकाळी भेटून सगळं सांगितलं. तू पडल्यावर तुझा डोस त्यांनी कमी केलाच होता, पण तो नीट बसवायला पुन्हा रक्त तपासायला हवं. तो कागद मुकुलजवळ देतोय, गावच्या डॉक्टरांना दाखव. तोवर आत्ताचा डोस चुकवू नकोस. रागात तू जेवण सोडतेस हे मला माहीत आहे. इन्सुलिन टोचून उपाशी राहू नकोस, पुन्हा पडशील. राग माझ्यावर काढ, जेवणावर नको.

तुला खोटं पाडून गप्प बसलेला,
नितेश