विमान चांगलं होतं

ता. ३ नोव्हेंबर

चि. बेबीस आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. अकरा वर्षांनी लिहिलंस, तेही चार ओळी. चालेल. मलाही लांबण लावलेली आवडत नाही. आम्ही ठीक आहोत. माझे दोन दात गेले, तुझ्या वहिनीचा गुडघा गेला, बाकी सगळं जागेवर आहे. मागच्या खोलीचं छत गळत होतं, ते मी स्वतः वर चढून डांबर लावून बंद केलं. मुलगी म्हणते, "बाबा, माणूस बोलवा." मग मी कोण आहे?

आता तुझं काम. प्रशिक्षण शाळेत नवी विमानं आली. जुनी जेट मोडीत निघाली, त्यातलं एक गेटापाशी चौथऱ्यावर बसवतायत. चौथऱ्यावर अपघातात गेलेल्या पोरांची नावं. शेवटचं नाव आपल्या भोंग्याचं, म्हणून फीत कापायला त्याची आई, म्हणजे तू. मलाही बोलावलंय, जुना फोरमन म्हणून.

तू विचारलंस, "दादा, एकच सांग, भोंग्याचं विमान चांगलं होतं का नव्हतं? खराब असेल तर मी तसल्या विमानाच्या सावलीलाही उभी राहणार नाही."

विमान चांगलं होतं. त्या सकाळी मी स्वतः तपासलं, वहीत माझीच सही होती. इंजिन, चाकं, ब्रेक, बाहेर उडवणारी खुर्ची, सगळं चोख. त्याने खुर्चीची दांडी ओढलीच नाही. ओढली असती तर चालली असती.

तुझ्या वहिनीने हे वाचलं आणि म्हणाली, "हे पत्र आहे का पावती?" मी म्हटलं, विचारलं तेवढं सांगितलं.

तब्येतीला जप.

दादा


ता. १७ नोव्हेंबर

चि. बेबीस आशीर्वाद.

तुझं उत्तर काल आलं. मी दारातच उभ्याने वाचलं. "विमान चांगलं होतं म्हणजे माझं पोरगंच नालायक होतं, असंच ना दादा? चौकशीवाल्यांनी लिहिलं तेच खरं म्हणायचं. मग कसली फीत कापू? त्याचा फोटोसुद्धा भिंतीवरून काढून ठेवते."

फोटो काढू नकोस. आधी हे वाच.

इथे थंडी पडायला लागली आहे. शेजाऱ्याने नवी मोटरसायकल घेतली, सकाळी अर्धा तास नुसती तापवतो, कार्ब्युरेटर घाण झालाय, सांगितलं तर ऐकत नाही. थांब. मी परत भलतीकडे चाललो. वहिनी समोर बसली आहे, म्हणते, "मोटरसायकल सोडा आणि लिहा." लिहितो. मला दोन वाक्यं नीट जुळवता येत नाहीत, सांभाळून घे.

त्या दिवशी भोंग्या एकटाच जाणार होता, मागच्या खुर्चीत शिक्षक नाही. मीच शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळले. आवाज घोगरा, नाक चोंदलेलं.

"सर्दी आहे रे?"

"थोडीशी. एक कान बंद वाटतोय. वर गेलो की होईल मोकळा."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलं तर बसवून ठेवतील ना मामा! या महिन्यात दोनदा फेरी हुकली माझी. तिसऱ्यांदा हुकली की मालवाहू विमानांकडे ढकलतील. तू वहीत काहीबाही लिहू नकोस हं. आणि आईला कळवू नकोस, नाहीतर ती येऊन माझ्या बिछान्यापाशी ठाण मांडेल."

हसत होता. तुला माहीतच आहे तो कसा हसायचा, अख्खं तोंड उघडून.

आता हे वहीत लिहायचं प्रकरण काय, ते तुला सांगायला हवं. शाळेबाहेर हे कुणाला ठाऊक नाही. फोरमनची सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. कधी एखादा पोरगा यायचा, चेहरा पांढरा पडलेला. एकाचा बाप आदल्या दिवशी गेलेला. एकाला ताप, पण बोलायला तयार नाही. तोंडाने कबूल केलं तर कागदावर येतं आणि जन्मभर चिकटतं. मग मी वहीत लिहायचो, "चाकात हवा कमी." विमान दोन तास जमिनीवर. पोराची अब्रू राहायची, जीवही राहायचा. शिक्षकांना कळायचं, ते गप्प बसायचे. आमच्या आधीच्या फोरमनने मला हेच शिकवलं. बावीस वर्षांत मी आठ-नऊ जणांसाठी केलं असेल. कुणाकुणाची ती पोरं, मला त्यांची नावंही आठवत नाहीत.

तुझ्या पोरासाठी केलं नाही.

त्याने नको म्हटलं म्हणून केलं नाही, असं मी अकरा वर्षं स्वतःला सांगतोय. ते खोटं आहे, बेबी. नको तर सगळेच म्हणायचे. मी कुणाचं ऐकलंय कधी?

आठ दिवस आधी त्याच्या विमानाचं चाक खरोखरच बसलं होतं. खिळा घुसला होता, मी माझ्या हाताने उपसून काढला. फेरी रद्द झाली. दुपारी कँटीनमध्ये आमचा रंगारी सगळ्यांसमोर म्हणाला, "काय फोरमन, भाच्याचं विमान बरं वेळेवर दमतं!" सगळे फिदीफिदी हसले. भोंग्याही हसला, त्याला काही वाटलं नाही. मला झोंबलं. मी म्हटलं, परत कुणाला बोलायला जागा ठेवणार नाही.

म्हणून त्या सकाळी पेन हातात होतं, वही मांडीवर होती, आणि मी "सर्व ठीक" लिहून सही केली. खुर्ची जमिनीवर चुकून उडू नये म्हणून लावलेल्या लाल फितीच्या पाच पिना काढून त्याच्यापुढे धरल्या. त्याने मोजल्या. अंगठा दाखवला. मी शिडी काढली.

अठरा मिनिटांनी तो रेडिओवर बोलायचा बंद झाला.

कान बंद असला की वर चढताना आतला दाब निघत नाही, मग एकदम सुटतो आणि डोकं गरगरतं. त्यात ढग. वर कुठे, खाली कुठे, काही समजत नाही. समोरच्या तबकड्यांचे काटे खरं सांगत असतात, पण डोकं ऐकत नाही. विमान जमिनीकडे चाललंय हे कळलंच नाही, तर माणूस दांडी कशाला ओढेल? चांगल्या चांगल्या जुन्या पायलटांचं असं झालंय. तो नालायक नव्हता. शिक्षक म्हणायचे, याचा हात हलका आहे, असं पोरगं वर्षात एखादंच येतं. मी तुला हे कधी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

चौकशीत मला विचारलं, "विद्यार्थी बरा दिसत होता का?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. त्या "हो"वर त्यांनी लिहिलं, काट्यांकडे दुर्लक्ष, विद्यार्थ्याची चूक. मग तू माझ्या दारात येऊन ओरडलीस, "तुम्ही सगळे मेकॅनिक एकमेकांना झाकता!" मी भडकलो. मला खोटारडा म्हणतेस, म्हटलं, चालती हो. तुला वाटायचं मी विमानाचा दोष लपवतोय. विमानाला काही झालंच नव्हतं, म्हणून मला रागवायला फार सोपं गेलं. अकरा वर्षं पुरला तो राग.

हे तुझ्या वहिनीलाही माहीत नव्हतं. काल तुझं पत्र आल्यावर सांगितलं. तिने माझं ताट वाढलं आणि आत जाऊन बसली.

आज सकाळी शाळेत गेलो. नवा साहेब तरुण आहे. म्हणाला, "काका, इतकी वर्षं झाली, आता कशाला उकरताय?" मी म्हटलं, तुम्ही लिहून घ्या. त्याला सर्दी होती, कान बंद होता, मला ठाऊक होतं, मी विमान थांबवू शकत होतो आणि चौकशीत खोटं बोललो. त्याने लिहून घेतलं, मी सही केली. म्हणाला, जुना निकाल बदलतील की नाही ते वरचे ठरवतील, सांगता येत नाही. आणि समारंभात तुम्हाला बोलावणं आता बरं दिसणार नाही. मी म्हटलं, मी येणार नव्हतोच.

तू मात्र जा. फीत कापायची असेल तर काप, नसेल तर कापू नकोस, पण जा आणि मान वर करून उभी राहा. कुणी विचारलंच तर सांग, माझा मुलगा चांगला पायलट होता, त्या दिवशी तो आजारी होता आणि त्याला कुणी थांबवलं नाही. थांबवणं कुणाच्या हातात होतं तेही सांग. माझी लाज धरू नकोस.

मला माफ कर असं लिहिणार होतो. वहिनी म्हणाली, ते मागायचं नसतं. म्हणून नाही लिहीत.

भाऊ म्हणून ठेवायचं की नाही ते तू बघ.

भोंग्याचा मामा