ग्रहणाचा दोष

२ फेब्रुवारी, अर्जुनी मोरगाव

उद्या निघायचं. नेपाळ — ओठ, टाळू फाटलेल्या लेकरांची ऑपरेशनं करायला. नागपूरच्या डॉक्टर मॅडमना फुकट राबणाऱ्या नर्सा हव्या होत्या, मीच हात वर केला! सासूबाई सकाळपासून धुसफुसताहेत. "पासपोर्ट नाही लागत तं परदेश कायचा?" मग वाटाणे सोलता सोलता हळूच — "आपलं गेलं, अन् लोकायचे जोडाले चालली."

आपलं म्हणजे भूमिका. माझी पोर. टाळू फाटलेला, दूध नाकातून यायचं. चार महिन्यांची होऊन गेली. तेव्हापासून घरात कारण एकच — ती पोटात असताना मी ग्रहणात पावशीवर वांगी चिरली. चिरली होती, खोटं कशाला बोलू? ड्यूटीवरून आले होते, भूक लागली होती.

५ फेब्रुवारी, नेपाळ

थंडी! माझं काम शुद्धीवर येणाऱ्या पोरांना धरून बसायचं. टाक्यांना हात लावू नये म्हणून त्यांच्या कोपरांना पट्ट्या बांधतात. सगळी लाकडी बाहुल्यांसारखी दिसतात. मांडी रिकामी झाली की करमत नाही.

७ फेब्रुवारी

रीता म्हणून एक आई. जेमतेम विशीची. दीड वर्षाच्या पोराला आत नेलं, तशी माझा हात घट्ट धरून म्हणाली, "दीदी, ग्रहण में मैंने ही हँसिया पकड़ा था।"

इथेही तेच! माझी पावशी, हिचा विळा. झापलंच तिला. "तेरी कोई गलती नहीं, समझी?" मॅडम सांगतात, हे आपसूक होतं — कधी घराण्यातून येतं, कधी कारण सापडतच नाही. आज दिसेल त्या आईला ठणकावून सांगितलं. स्वतःला सांगायला गेले की आवाजच फुटत नाही.

१० फेब्रुवारी

रीताचा पोरगा वाटीने दूध प्यायला. नाकातून एक थेंब नाही. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१४ फेब्रुवारी, घरी

जेवताना सासूबाईंना मोबाइलवर त्या पोराचा फोटो दाखवला. म्हटलं, याच्या आईलाही ग्रहणाचंच सांगितलं होतं. तसं काही नसतं, आई. माझा दोष नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले — भांडायच्याच तयारीने! स्वप्निल खाली मान घालून भात कालवत राहिला. नवरा आहे की पाहुणा?

सासूबाई उठल्या. ताट तसंच टाकून मागच्या अंगणात गेल्या. राग आला असणार. येऊ दे.

१५ फेब्रुवारी

सकाळी सासूबाईंनी चुलीशी मला बोलावलं. "तो फोटो दाखव वं आणखी." बराच वेळ बघत राहिल्या. मग — "स्वप्निलच्या आधी मले एक पोरगा झाला होता. असाच. मायी सासूबी ग्रहणच म्हणे."

मी त्याचं नाव विचारलं.

"बारसंच नाही करू देलं," म्हणाल्या.